वाईतले लालगंज

प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मधले (2003) तेजपूर बिहारमध्ये आहे. 'स्वदेस'मधले (2004) चरणपूर उत्तर प्रदेशात, 'दबंग'मधले (2010) लालगंज पुन्हा उत्तर प्रदेशात आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'च्या (2013) नायिकेचे गाव थेट तमिळनाडूत. कॅमेरा कुठे लावला होता हे पाहायला गेले तर या चारही चित्रपटांतली वाट वाई आणि मेनवलीच्या परिसरात येऊन मिळते. झा यांचा 'मृत्युदंड' (1997) त्याआधीच इथे येऊन गेला होता, विशाल भारद्वाज यांचा 'ओमकारा'ही (2006) इथून गेला. कृष्णेने गंगा-यमुनेच्या खोऱ्यातल्या नद्यांची इतकी सोंगे घेतली, पण पडद्यावर स्वतःच्या नावाने ती फार थोड्या वेळा आली. या गोष्टीची हळहळ साताऱ्याकडे नेहमी ऐकू येते. माझ्या मते तिच्यात हळहळण्यासारखे फारसे काही नाही. शहराला आणि त्याच्या आसपासच्या मुलखाला चित्रीकरणाचे ठिकाण म्हणून पुढे कसे आणावे, हा प्रश्न अलीकडे राज्याराज्यांच्या पर्यटन धोरणांत आला आहे आणि त्यावरचे ठरलेले उत्तर म्हणजे धबधबे, किल्ले व ड्रोनमधून टिपलेला सूर्योदय यांची चकचकीत चित्रफीत. वाईचे उदाहरण नीट तपासले तर हे उत्तर चुकीच्या टोकाकडून सुरू होते असे दिसते. निर्मात्याला सुंदर जागांची वानवा कधीच नसते. त्याला हवी असते ती सोय, आणि त्याहून अधिक, ठरल्या दिवशी ठरलेले काम होईल याची खात्री. प्रचार करायचा तर तो या खात्रीचा करावा लागेल, आणि त्याआधी ती मुळात तयार करावी लागेल.

वाई निवडली गेली त्याची कारणे पाहू. पेशवाईत रास्ते घराण्याने आणि इतरांनी इथे कृष्णेवर दगडी घाट बांधले. 1762 मध्ये उभे राहिलेले ढोल्या गणपतीचे देऊळ थेट पाण्याशी आहे. पलीकडे मेनवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याला लागून घाट. नदीकाठी पायऱ्या, पायऱ्यांवर देवळे, देवळांमागे वाड्यांची अरुंद आळी, ही रचना उत्तरेतल्या तीर्थक्षेत्रांशी इतकी मिळतीजुळती आहे की पाट्या देवनागरीतच ठेवून फक्त मजकूर बदलला तरी गाव गंगेकाठी जाते. पण वाईची खरी श्रीमंती घाटात नाही, घाटाभोवतीच्या अंतरांत आहे. पसरणी घाट चढला की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी: टेबललँडचे पठार, जुने बंगले आणि निवासी शाळा. 'तारे जमीन पर'ची (2007) शाळा तिथलीच. दुसऱ्या बाजूला धोम धरणाचा जलाशय, खाली उसाची शेते, सुरूरकडून येणाऱ्या रस्त्यावर जुन्या वडांची कमान, आणि पूर्वेला निघाले तर दोनेक तासांत माण-खटावचा उघडा माळ. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बत्तीस-तेहतीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा लहानसा हिस्सा येतो. म्हणजे हिरवीगार दरी आणि रखरखीत माळ हे दोन्ही एकाच मुक्कामातून घेता येतात. युनिट हलवणे हा चित्रीकरणातला सगळ्यात निष्फळ खर्च असतो. जनरेटर, दिव्यांचा टेम्पो, व्हॅनिटी, वेशभूषेच्या पेट्या, शंभर-दीडशे माणसे हे सगळे एका गावातून दुसऱ्या गावी नेण्यात गेलेल्या दिवशी पडद्यावर काहीच उमटत नाही. त्यातून नायक-नायिकेला राहण्याजोगी हॉटेले पाचगणी-महाबळेश्वरमुळे आयतीच उपलब्ध. हॉटेलांची सोय हा मुद्दा कलेच्या चर्चेत कोणी काढत नाही, जागा पाहायला रेकीवर आलेला, युनिटचा खर्च सांभाळणारा लाइन प्रोड्यूसर मात्र तो आधी पाहतो.

अंतराचा हा हिशेब सगळ्याच चित्रपटउद्योगांत चालतो. लॉस एंजेलिसमध्ये बेव्हर्ली बूलेव्हार्ड आणि ला सिएनेगा बूलेव्हार्ड जिथे मिळतात तो चौक मध्य धरून तीस मैलांचे वर्तुळ कल्पिलेले आहे. त्याच्या आत काम असेल तर कामगार संघटनांचे दर आणि प्रवासाचे नियम वेगळे, बाहेर गेले की भत्ता, मुक्काम, प्रवासाचा वेळ असा सगळा खर्च चढतो. हॉलिवूडच्या कितीतरी चित्रपटांतला 'अफगाणिस्तान' किंवा 'मेक्सिको' या वर्तुळातल्या टेकड्यांवर घडला तो याच कारणाने. मुंबईला असे आखीव वर्तुळ नाही, तरी न आखलेले आहेच. वाई मुंबईपासून साधारण अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. पहाटे निघालेला टेम्पो दुपारच्या जेवणाला पोहोचतो, आणि 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर तर हे अधिकच सुकर झाले. याउलट कोल्हापूरकडे पाहा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' (1920) तिथे काढला, 1929 मध्ये 'प्रभात' तिथे जन्मली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तिथला. परंपरा, कारागीर, स्टुडिओ, कुशल माणसे, काय नव्हते? तरी 'प्रभात' 1933 मध्येच पुण्याला गेली, आणि मोरेवाडीची सरकारी चित्रनगरी उभी राहून बराच काळ ओस पडली. मुंबईपासूनचे पावणेचारशेहून अधिक किलोमीटर हे त्याचे एकमेव कारण नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. गेल्या काही वर्षांत चित्रनगरीत आणि आसपासच्या गावांत मालिकांचे काम वाढले, कारण मालिकेचे युनिट महिनोन्‌महिने एकाच जागी तळ ठोकते आणि पोहोचण्याचा खर्च त्या दिवसांत विभागला जातो. आठ दिवसांच्या कामासाठी वाई आणि दोन वर्षांच्या मालिकेसाठी कोल्हापूर, अशी वाटणी कोणी बैठकीत ठरवली नव्हती, हिशेबाने ती होत गेली. प्रचार करणाऱ्याने आधी आपला मुलूख कोणत्या कामासाठी सोयीचा आहे एवढे ओळखले तरी बरेच पैसे वाचतील.

आता या प्रचाराच्या इतिहासाकडे वळू. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआब या छोट्या गावाने 1949 मध्ये चित्रपटवाल्यांना मदत करण्यासाठी एक समिती नेमली, जगात अखंड चालू असलेली सर्वांत जुनी समिती म्हणून ती ओळखली जाते. निमित्त होते जॉन फोर्डच्या 'वॅगन मास्टर'चे. तिथल्या लालभडक कड्यांची छायाचित्रे हॉलिवूडला ठाऊक झालीच होती. समितीचे काम निराळे होते: घोडे कुठे मिळतील, कोणत्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून गाड्या जातील, त्याला किती द्यायचे, गर्दीच्या दृश्याला माणसे कोण देईल, जेवण कोण शिजवेल. पुढे अशा समित्या इतक्या झाल्या की 1975 मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. कॅनडातले व्हँकूव्हर हे या धंद्यातले सर्वांत यशस्वी शहर म्हणावे लागेल, आणि ते जवळजवळ कधीच व्हँकूव्हर म्हणून दिसत नाही. सिअ‍ॅटल, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, क्वचित परग्रहसुद्धा. 'द एक्स-फाइल्स' 1993 ते 1998 या काळात तिथे तयार झाली आणि अमेरिकाभरची गावे तिने त्या एका शहरात उभी केली. लॉस एंजेलिसचीच घड्याळवेळ, अडीच-तीन तासांचे विमान, स्वस्त कॅनडियन डॉलर, हे सुरुवातीचे भांडवल. पण तेवढ्यावर भागले नाही. व्हँकूव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाची करसवलत स्थानिक रहिवाशांना दिलेल्या मजुरीवर मोजली जाते. बाहेरून आणलेल्या ताऱ्याच्या मानधनावर ती मिळत नाही. परिणामी निर्मात्याला तिथलाच सुतार, तिथलाच प्रकाशयोजनाकार, तिथलाच सहायक घेणे परवडते, आणि पंचवीस-तीस वर्षांत शहरात इतके कसबी हात जमा झाले की आता तेच आकर्षण ठरले. 1 जानेवारी 2025 पासून या सवलतीचा दर 28 टक्क्यांवरून 36 टक्के झाला, म्हणजे व्हँकूव्हरलाही निर्धास्त राहता येत नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. सोय, अंतर, कारागीर ही सगळी बोलण्याची गोष्ट, निर्माता जातो तो अनुदानाच्या मागे. याला पुरावाही आहे. 'दबंग' वाईत झाला, पण 2019 मध्ये 'दबंग 3'चे चित्रीकरण सुरू झाले ते मध्य प्रदेशातल्या महेश्वरच्या घाटांवर. 'पंचायत' या मालिकेतले फुलेरा हे गाव उत्तर प्रदेशच्या बलिया जिल्ह्यातले, पण ते उभे आहे मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात, महोडिया गावी. 'लापता लेडीज'ही त्याच जिल्ह्यात झाला. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश दोघेही चित्रीकरणाला पैसे देतात. महाराष्ट्राचे अनुदान मात्र मुख्यतः मराठी चित्रपटाच्या दर्जावर ठरते, तो कुठे चित्रित झाला यावर नाही. आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. पण अनुदानाने काम येते आणि अनुदान संपले की जाते, हेही तितकेच खरे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 2008 मध्ये खर्चाच्या 42 टक्क्यांपर्यंत परतावा देऊ केला, देशातला सर्वाधिक. युनिटे धावत आली, डेट्रॉइटजवळ पाँटिअ‍ॅक इथे भव्य स्टुडिओ उभा राहिला. 2015 मध्ये सरकारने योजना गुंडाळली. पाठोपाठ कामही ओसरले, आणि स्टुडिओच्या कर्जरोख्यांचा भार तर त्याआधीच राज्याच्या निवृत्तिवेतन निधीवर पडला होता. जॉर्जियाने 2008 मध्येच 20 टक्के, वर श्रेयनामावलीत राज्याचे बोधचिन्ह दाखवल्यास आणखी 10 टक्के अशी सवलत आणली, आणि तिथे ती टिकली. फरक असा की जॉर्जियाने 2015 मध्ये पडद्यामागची कामे शिकवणारी प्रबोधिनी काढली, अटलांटाच्या विमानतळाची जोड होती, कायमचे स्टुडिओ होते. तरी तिथल्या राज्य लेखापरीक्षकांनी 2020 मध्ये या सवलतीचे फायदे फुगवून सांगितले गेल्याचा ठपका ठेवला, आणि मार्व्हलचे मोठे चित्रपट अलीकडे ब्रिटनकडे वळले आहेत. तेव्हा अनुदान द्यावेच, अगदी व्हँकूव्हरसारखे स्थानिक मजुरीवर द्यावे, पण त्याला आमिष म्हणून ओळखावे. शेजारच्या राज्याने 5 टक्के जास्त दिले की मासा तिकडच्या गळाला लागतो.

खात्री हा शब्द मी वर वापरला, त्याचा अर्थ 2021 च्या उन्हाळ्यात मराठी मालिकांनी अनुभवला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा कित्येक मराठी आणि हिंदी मालिकांची युनिटे गोव्याला गेली. बंगले घेतले, सेट लावले, कथानकात गोव्याची कारणे पेरली. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथली रुग्णसंख्या वाढली, विरोध झाला, आणि सरकारने परवानग्या मागे घेतल्या. युनिटे उठून सिल्वासा, उमरगाव, हैदराबाद अशी पांगली. साथीच्या दिवसांत गोव्याने घेतलेला निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही, लोकांचा जीव मालिकेच्या भागापेक्षा मोठाच. पण समुद्र, चर्च आणि इफ्फीसारखा महोत्सव असलेल्या राज्यातूनही युनिट एका आदेशाने उठते, हे त्यातून प्रत्येक लाइन प्रोड्यूसर शिकला. हैदराबादेकडे ओढा का राहतो याचेही उत्तर त्यातच आहे. 1996 मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी 1,666 एकरांवर पसरली आहे. तिथले रस्ते, चौक, रेल्वे स्थानक कोणत्याही दृष्टीने वाईच्या घाटाइतके देखणे नाहीत, पण तिथे परवानगी एकाच मालकाकडून मिळते आणि तो रद्द करीत नाही.

दुसरा आक्षेप पर्यटनाचा. गाव जर दुसऱ्याच्या नावाने दिसणार असेल तर गावाला काय मिळाले? स्वित्झर्लंडचे उदाहरण इथे हमखास येते. यश चोप्रांनी आल्प्सना हिंदी गाण्यांत बसवले आणि इंटरलाकेनने 2016 मध्ये त्यांचा पुतळा उभारला. पण तिथे स्वित्झर्लंड स्वित्झर्लंड म्हणूनच दिसले होते. सोंगाचा हिशेब समजून घ्यायला 'ब्रेव्हहार्ट' (1995) बरा. कथा स्कॉटलंडची, सुरुवातीचे काही चित्रीकरणही तिकडेच. पण 1994 च्या उन्हाळ्यात मोठा भाग आयर्लंडमध्ये झाला. तिथल्या सांस्कृतिक खात्याचे मंत्री होते मायकेल डी. हिगिन्स, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी बंद पडलेले चित्रपट मंडळ 1993 मध्ये पुन्हा सुरू केले होते, करसवलत होती, आणि लढायांच्या दृश्यांसाठी राखीव दलाचे शेकडो सैनिक देण्यात आले: शिस्तीत चालणारी, ओळीने उभी राहणारी, एका हुकमावर धावणारी माणसे. ट्रिमचा किल्ला इंग्लंडमधले यॉर्क झाला. चित्रपट गाजल्यावर पर्यटक मात्र स्कॉटलंडला गेले, स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकाला येणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. वरवर पाहता आयर्लंडने काम केले आणि फळ स्कॉटलंडने खाल्ले. पण आयर्लंडच्या हाती काय राहिले? मजुरी, भाडी, आणि एवढे मोठे युनिट सांभाळल्याचा अनुभव असलेली माणसे. पुढच्या तीस वर्षांत तिथे जे काम सतत येत राहिले त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे. पर्यटक एका चित्रपटाच्या लोकप्रियतेवर येतो आणि तिच्यासोबत ओसरतो. शिवाय तो येईलच असे नाही, कारण आपटलेल्या चित्रपटाचे स्थळ पाहायला कोणी जात नाही. मजुरी मात्र आपटलेल्या चित्रपटाचीही पुरी मिळते. वाईच्या खानावळवाल्याला, जीपवाल्याला, गर्दीत उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टला 'लालगंज' कोणत्या राज्यात आहे याने फरक पडत नाही, पैसे वाईतच खर्च होतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि त्याला सोपे उत्तर नाही. चित्रीकरण जागा वापरते आणि कधी झिजवते. थायलंडची माया बे 'द बीच' (2000) नंतर इतकी तुडवली गेली की तिथल्या प्रवाळाला सावरू देण्यासाठी 2018 मध्ये ती बंद करावी लागली, उघडली 2022 मध्ये. महेश्वरला 'दबंग 3'च्या वेळी घाटावरच्या शिवलिंगावर फळ्या टाकल्यावरून वाद पेटला होता, हेतू लिंगाचे रक्षण होता असा खुलासाही झाला, पण देवाच्या जागी मंच कसा, हा प्रश्न खुलाशाने मिटत नसतो. साताऱ्यात तर काही जागा उघडपणे नकारयादीत टाकायला हव्यात. कासचे पठार पश्चिम घाटासोबत 2012 पासून जागतिक वारशात आहे, फुलांच्या हंगामात तिथे युनिट जाऊच नये. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नकार देणाऱ्या मुलखाचा प्रचार कसा करणार, असे कोणी विचारील. मला उलट वाटते. कोणत्या जागा मिळणार नाहीत, घाटावर कोणत्या सणाला काम बंद, रात्रीचे दिवे किती वाजेपर्यंत, हे आधीच छापून दिले तर निर्माता त्याप्रमाणे वेळापत्रक आखतो. त्याला त्रास होतो तो ऐनवेळच्या नकाराचा. घाटावर रोज कपडे धुणाऱ्या, अस्थी सोडायला येणाऱ्या माणसालाही काही हक्क आहे, आणि तो लेखी असेल तर भांडण कमी होते.

ही छापील यादी करायला बसले म्हणजे खरी अडचण कळते. मुलूख एक असला तरी मालक अनेक आहेत. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा की राज्याच्या, घाट नगरपालिकेचा की देवस्थानाचा, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा की जिल्हा परिषदेचा, जलाशयाचे पाणी जलसंपदा खात्याचे, झाडे वन खात्याची, बंदोबस्त पोलिसांचा. राज्याने परवानग्यांसाठी एक खिडकी केली आहे, पण खिडकीमागची टेबले आपापल्या गतीने चालली तर खिडकीचा उपयोग अर्ज आत टाकण्यापुरता राहतो. आज हे अंतर भरून काढतो तो स्थानिक लोकेशन मॅनेजर. कोणत्या वाड्याचे कोणते दार कोणत्या भावाच्या वाट्याला आले आहे, हे त्याला तोंडपाठ असते. त्याचे कसब मोठेच, पण ते एका माणसाच्या डोक्यात आणि फोनमध्ये असते. ते जिल्ह्याच्या दप्तरात यायला हवे: जागांची सूची, मालकाची संमती, दिवसाचे जाहीर भाडे, अनामत, नुकसान झाल्यास दुरुस्ती कोणी करायची याचा मसुदा, आणि परिसरातल्या सुतार, रंगारी, वीजतंत्री, शिवणकाम करणाऱ्यांची नोंद. हिंदी चित्रपट वाईत इतकी वर्षे येत असूनही सेट उभारणारे आणि दिवे सांभाळणारे बहुतेक हात अजून मुंबईहून येतात. कोल्हापूर इथे उपयोगी पडू शकते. नेपथ्य, रंगकाम, वेशभूषा, मूर्तिकाम यांची जुनी परंपरा तिथे आहे, चित्रनगरीची जागा आहे, आणि वाई तिथून दोन-अडीच तासांवर आहे. दोन्हीकडची माणसे एका यादीत आली तर मुंबईहून निघणारे टेम्पो कमी होतील, आणि निर्मात्याची बचत अनुदानासारखीच मोजता येईल.

एलईडी पडद्यांचा मुद्दा राहिला. 2019 च्या 'द मँडलोरिअन'पासून भव्य वळणदार पडद्यावर निसर्ग उभा करून स्टुडिओतच चित्रण होते. उद्या घाटही असाच उभा राहील आणि वाईची गरज संपेल, असे म्हटले जाते. परग्रहाचा देखावा त्यावर स्वस्त पडतो, यात शंका नाही. पण दोनशे माणसांची जत्रा, पाण्यात उतरणारी बैलगाडी, आळीतून धावणारा पोलीस यांसाठी खरी जमीन अजून बरीच वर्षे स्वस्त राहील असा माझा अंदाज आहे. वाईला धोका आहे तो पडद्यापेक्षा जवळचा. आळीतले वाडे वारसांच्या वाटण्यांत पडत आहेत आणि त्यांच्या जागी सपाट गच्चीच्या इमारती येत आहेत. सुरूरच्या रस्त्यावरच्यासारखे जुने वड रुंदीकरणात एकदा गेले की ते कोणत्याही अनुदानाने परत येत नाहीत. कॅमेऱ्याच्या चौकटीत एक टाकी आणि एक मोबाइल मनोरा शिरला की कला दिग्दर्शक ते कोनातून वगळतो. दहा शिरले की कोनच उरत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा वाड्यांच्या आणि घाटाच्या डागडुजीला बांधून देणे, आणि घाटासमोरच्या बांधकामांची उंची व दर्शनी बाजू यांचे नियम नगरपालिकेने करणे, ही दोन कामे कोणत्याही प्रचारफितीआधी हातात घ्यावी लागतील. यातले दुसरे काम अवघड आहे, कारण त्याने मत जाते आणि चित्रपटवाल्यांना मत नसते.